ओलीला ओल: पावसाच्या वहीतल्या नोंदी

26 मे 2025, सोमवार
सकाळी साडेआठला शाळेच्या पर्जन्यमापकात 26 मिमी. रोहिण्या लागून एक-दोन दिवसच झालेत आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुततोय. मोसमी पाऊस आज मुंबईत आणि पुण्यात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मुंबईची सरासरी तारीख 11 जून, म्हणजे सोळा दिवस आधीच. केरळात तो 24 मेला आला होता. फोन सकाळपासून वाजतोय, सगळ्यांचा एकच प्रश्न: "सर, हे हवामानबदलामुळं का?"

एका वर्षाच्या तारखेवरून मी तसं म्हणणार नाही. पण या प्रश्नाला नुसतं "माहीत नाही" म्हणून भागत नाही, म्हणून ही नोंदवही सुरू करतोय. हाताशी तीन गोष्टी आहेत: शाळेच्या पर्जन्यमापकाच्या 2011 पासूनच्या नोंदी, हवामान खात्याची 1901 पासूनची चौकटवार (नकाशावर चौकोन पाडून प्रत्येकाचा काढलेला) पावसाची आकडेवारी, आणि अण्णांच्या वह्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला जायचे आणि सुकडीवर दिवस काढायचे. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी पावसाची वही लिहायला घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांचा पर्जन्यमापक म्हणजे डालड्याचा रिकामा डबा. तोच डबा काल संध्याकाळी माळ्यावरून काढून शाळेच्या मापकाशेजारी ठेवला. सकाळी पट्टी बुडवली तर 41 मिमी. मापक 26 म्हणतोय. डबा चुकला असणार, कडेवरून शिंतोडे आत आले असतील.

27 मे
कुलाब्याचा मे महिन्याच्या पावसाचा 1918 सालचा विक्रम मोडला. रेडिओवर ऐकलं आणि वहीत टिपून ठेवलं. त्या विक्रमाला 107 वर्षं झाली होती, हे विशेष. ज्या वेधशाळेत शंभर वर्षांपूर्वीचा मे महिना रोजच्या रोज मोजून ठेवलेला आहे, तिथेच "विक्रम" या शब्दाला अर्थ आहे. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची, म्हणजे हवामान खात्याच्याही आधीची. खातं निघालं 1875 साली.

8 जून, रविवार
मृग लागला. आकाश कोरडं. मोसमी वारे मे महिन्याच्या शेवटापासून जागचे हललेले नाहीत. ज्यांनी घाईने तूर टोकली, ते आता ढगाकडे बघतायत.

मोकळा दिवस होता म्हणून डबा आणि मापक यांच्यातलं भांडण सोडवायला बसलो. आमचा मापक जुना, 127 मिमी व्यासाच्या तोंडाचा. तोंडाचं क्षेत्रफळ 126.7 चौ. सेमी येतं. म्हणजे 10 मिमी पाऊस म्हणजे जवळजवळ 127 मिली पाणी. जनावरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज घेऊन 127 मिली पाणी मोजलं आणि मापाच्या काचेत ओतलं. काचेने दाखवलं 6.3.

तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा 6.3.

मग काच उन्हात धरून फिरवली. बुडाशी बारीक अक्षरांत 200 चौ. सेमी लिहिलेलं आहे. ही काच मोठ्या तोंडाच्या, नव्या पद्धतीच्या मापकासाठीची. तिच्यात 1 मिमीला 20 मिली लागतात, आमच्या मापकाला 12.67 मिली. जून 2023 मध्ये जुनी काच मुलाच्या हातून पडून फुटली होती. दुकानातून नवी आणली, ती ही. दुकानदाराने विचारलं नाही आणि मीही बघितलं नाही.

म्हणजे 2023 आणि 2024 या दोन्ही पावसाळ्यांच्या आमच्या नोंदी खऱ्या पावसाच्या 63 टक्केच आहेत. 26 मेचे 26 मिमी हे प्रत्यक्षात 41. अण्णांचा डबा बरोबर होता. सरळ भिंतीच्या डब्यात जेवढी खोली, तेवढा पाऊस. तिथे क्षेत्रफळाचा हिशेबच लागत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते याचं की चूक ओळखायची संधी आली होती. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 नंतरचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, त्यामुळे कमी आकड्याचं नवल वाटलं नाही. पण 2024 चांगलं वर्ष होतं. ओढा वाहिला, विहिरी भरल्या, तरी वही कमीच सांगत होती, आणि मी ओढ्यावर नाही, वहीवर विश्वास ठेवला. त्याच आकड्यांचा आलेख करून शाळेच्या भिंतीवर लावला आणि गावसभेत "पाऊस घटतोय" असं उभं राहून सांगितलं.

आलेख आजच काढला.

17 जून, मंगळवार
कालपासून शाळा सुरू. नववीच्या वर्गासमोर काच ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. दोन वर्षांच्या सगळ्या आकड्यांना 1.58 ने गुणायचं आहे, ते काम तिघींनी घेतलं. गुणून झाल्यावर एकीने विचारलं, "सर, मग पाऊस घटला नाही ना?" मी म्हटलं, "14 वर्षांवरून ते कळतच नाही." जागतिक पातळीवर हवामानाची सरासरी काढायला 30 वर्षं धरतात. आपल्या खात्याची मोसमी पावसाची सरासरी तर 1971 ते 2020 अशी 50 वर्षांची आहे, 868.6 मिमी. त्याआधी 1961 ते 2010 ची होती, 880.6. म्हणजे ज्या सरासरीशी तुलना करायची, ती सरासरीच 12 मिमीने खाली आली. मुलांना हे पटकन कळलं. एकाने आपणहून उंचीच्या खुणेचं उदाहरण दिलं, की भिंतीवरची खूणच खाली सरकवली तर मूल वाढलं असं वाटेल.

दुसरं म्हणजे मापकापासून 9 मीटरवर कडुनिंब आहे. 2012 साली आम्हीच लावला, आता तो मुख्य इमारतीच्या पत्र्यावर गेलाय. नियम असा की जवळच्या कुठल्याही अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. झाड वाढत गेलं की वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस अडतो, आणि आकडा दरवर्षी थोडा थोडा घटत जातो. नेमका हळूहळू होणाऱ्या बदलासारखा. झाड तोडायचं नाही, हे वर्गाने हात वर करून ठरवलं. नवा मापक मैदानाच्या पलीकडे बसवू आणि निदान दोन पावसाळे दोन्हीकडे मोजू, म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा जुळेल.

6 जुलै
आषाढी. पंढरपूर इथून तासाभराच्या आत, आज गावात कोणी नाही. साडेआठची नोंद घ्यायला मीच जाणार होतो, तर दोघी वारीहून परत येऊन आधीच हजर. 0.0. शून्य लिहिलं. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक आहे, हे त्यांना आता सांगावं लागत नाही. जुन्या वहीत सुट्टीच्या दिवशी रिकामी सोडलेली जागा नंतर कोणीतरी शून्याने भरली आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात दोन दिवसांचा पाऊस एकत्र आलाय. असं झालं की एका साध्या पावसाचा कागदावर मोठा पाऊस होतो.

20 जुलै
अण्णांच्या वह्या संगणकात भरायचं काम महिनाभर चाललंय. 1974 ते 2012. मधली काही वर्षं तिथीने लिहिलेली आहेत, "भाद्रपद वद्य 3, रात्री जोराचा", त्यामुळे जुनी पंचांगं शोधावी लागली. काही पानं कसरीने खाल्लेली.

पुतण्या पुण्यात संगणकाचं काम करतो. त्याने हवामान खात्याच्या चौकटवार आकडेवारीतून आमचा बिंदू काढून दिला: अक्षांश 17.5, रेखांश 75.5. पाव अंशाची चौकट, म्हणजे साधारण 27 किलोमीटरची. देशभरातल्या 6,955 पर्जन्यमापकांवरून ही बांधलेली आहे. दोन्ही शेजारी शेजारी लावले तर जुळेना. अण्णांकडे पाऊस, चौकटीत कोरडं. दुसऱ्या दिवशी उलट. दोन रात्री डोकं घातलं. मग लक्षात आलं की अण्णा बुधवारी रात्रीचा पाऊस बुधवारी लिहितात आणि खातं गुरुवारी सकाळी साडेआठला मोजून गुरुवारच्या नावावर टाकतं. सगळी वही एक दिवस पुढे सरकवली आणि दोन्ही जुळून आले. अण्णांचा एकेक मोठा पाऊस समोरच्या रकान्यात उभा राहिला, तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

चौकट आणि डबा यांत एक फरक मात्र राहणारच. चौकटीचा आकडा आसपासच्या अनेक मापकांवरून काढलेला, म्हणून त्यात टोकं बोथट होतात. आमच्या शिवारात धो-धो पडलेला पाऊस चौकटीत मध्यम दिसतो. आणि 1901 साली आसपास जितके मापक होते तितकेच आज नाहीत. त्यामुळे "मोठे पाऊस वाढले का" हे फक्त चौकटीवरून ठरवायचं नाही.

2 ऑगस्ट
आज अण्णांच्या वहीतला तो रकाना समजला, ज्याच्याकडे मी इतके दिवस बघतच नव्हतो.

त्यांच्या वहीत पाऊस डब्याच्या बोटांत आहे, पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा आहे: ओल. पाऊस उघडला की ते रानात लोखंडी सळई खुपसायचे. ओल्या मातीत सळई सहज जाते, कोरडी माती लागली की अडते. सळईवर बोटं मोजायची. "ओल 7 बोटं." "ओल 11 बोटं." आणि दर दोन-तीन वर्षांत कुठेतरी, पाऊसकाळाच्या शेवटी, एक ओळ: ओलीला ओल मिळाली. वरून उतरणारी ओल खालच्या जुन्या ओलीला जाऊन मिळाली. आमच्याकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, त्याच ओलीवर येतो. पेरल्यावर पाऊस पडतोच असं नाही. हिवाळाभर पीक जमिनीत साठलेलं पाणी पितं. मालदांडी ज्वारीचं नाव इथल्या मातीशी जोडलं गेलंय ते यासाठीच. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडली ती ह्याच गावची, पण शेतकऱ्याचं खरं कोठार जमिनीत, हातभर खाली.

म्हणजे मी 14 वर्षं आकाशातून किती पडलं ते मोजत बसलो, आणि अण्णा जमिनीने किती घेतलं ते मोजत होते. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापूरला 1933 पासून आहे. तिथेही मुख्य प्रश्न हाच होता, पडलेलं पाणी रानात कसं राखायचं. मला तो घरातल्या वहीत सापडायला इतकी वर्षं लागली.

आजपासून शाळेच्या वहीत तिसरा रकाना. सळई 60 सेमीची, सेंटिमीटरच्या खुणा मुलांनी कानशीने घासून केल्या. बोटांचाही रकाना ठेवलाय, अण्णांशी तुलना करता यावी म्हणून.

18 ऑगस्ट
जुलैच्या शेवटी दोन दिवस रिपरिप झाली होती, एकूण 28 मिमी. त्याची ओल मुलांनी नऊ बोटं मोजली होती. परवा संध्याकाळी दीड तासात 64 मिमी. आज त्याच रानात दुसऱ्या जागी, जिथे आधीची ओल आटली होती, तिथे मोजली: दहा बोटं.

दुप्पटीहून जास्त पाऊस, ओल एकच बोट जास्त. बाकीचं पाणी ओढ्याने गेलं, आणि जाताना बांधाखालची माती घेऊन गेलं. ओढ्याचं पाणी शेणाच्या काल्यासारखं दाट होतं. काळ्या मातीचं असं आहे की भेगा उघड्या असतात तेव्हा पहिलं पाणी ती गटागटा पिते, पण वरचा थर फुगून मिटला की मग पाणी आत जायला वेळ मागतं. भिज पाऊस तो वेळ देतो, ढगाचा मार देत नाही.

दोन पावसांवरून काही सिद्ध होत नाही हे मुलांनाही सांगितलं. पण विचार करायला दिशा मिळाली. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालात आहे की 1951-80 च्या तुलनेत 1981-2011 या काळात देशात पावसातले कोरडे खंड 27 टक्क्यांनी वाढले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवलं की मध्य भारतात 1950 ते 2015 मध्ये मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणारे पाऊस तिप्पट झाले. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प उतरतं तेव्हा एकदम उतरतं. म्हणून वर्षाची बेरीज तीच राहूनही ओलीचा आकडा घटू शकतो. बेरजेचा आलेख हे दाखवणारच नाही. मी भिंतीवरून काढलेला आलेख, काच बरोबर असती तरी, चुकीच्याच प्रश्नाचं उत्तर होता.

31 ऑगस्ट
कलाची रेघ, म्हणजे पाऊस वाढतोय की घटतोय ते दाखवणारी, काढून बघितली. शाळेच्या दुरुस्त नोंदी 2018 पर्यंत घेतल्या, त्या दुष्काळी वर्षावर संपवल्या, की रेघ खाली. 2020 पर्यंत नेल्या, ज्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाने भीमेला पूर आणला होता, की रेघ वर. दोनच वर्षांत सगळं उलटं. मुलांनी दोन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या. त्या कागदाला नाव द्या म्हटल्यावर एकाने लिहिलं "घाई".

24 सप्टेंबर, बुधवार
रात्रभर अक्काच्या फोनची वाट. ती माढा तालुक्यात, सीनेच्या काठी. सीना एवढी कधी आली नव्हती, असं तिकडचे ऐंशीच्या पुढचे लोक सांगतायत. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद. पहाटे अक्का बोलली: माणसं शाळेच्या गच्चीवर सुखरूप, दोन म्हशी आणि कडबा गेला, रानावरची माती गेली. "पाण्याचं काय रे, ओसरंल," म्हणाली, "माती कुठनं आणू?"

आमच्याकडे पूर नाही, पण सकाळी 71 मिमी. हवामान खातं 64.5 च्या वर जोरदार पाऊस म्हणतं. महसुलाच्या नियमात मंडळात, म्हणजे गावांच्या एका गटात, 24 तासांत 65 च्या वर गेलं की अतिवृष्टी. मंडळाचं स्वयंचलित यंत्र आमच्या शिवारापासून लांब आहे. आमच्या 71 चा तिथे काय आकडा लागला असेल, त्यावर इथल्या लोकांचे पंचनामे ठरणार. राज्यात मंडळागणिक दोन हजारांवर यंत्रं बसली ही मोठीच गोष्ट. पण पाऊस पाच किलोमीटरवर बदलतो, म्हणून गावागावातला साधा मापकही रोज, नीट वाचला जायला हवा. याबद्दल मी हट्टी आहे आणि राहीन.

1 ऑक्टोबर
हंगाम संपला. देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या 108 टक्के. उद्या दसरा. सोनं लुटायला जाणारं रान पाण्याखाली आहे.

12 ऑक्टोबर
चित्रा लागल्या. शाळूच्या पेरणीची शिफारस 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. रानाला घात नाही, म्हणजे पेरण्याजोगं सुकलेलं नाही, पाभर घातली तर चिखलाचा गोळा होऊन बसते. तात्या बांधावर उभे होते. म्हणाले, "पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा म्हणत्यात. ह्या उत्तरांनी भात न्हाई, रानच खाल्लं."

संध्याकाळी अण्णांच्या वहीतून शाळूच्या पेरणीच्या तारखा नक्षत्रांप्रमाणे लावल्या. नक्षत्राप्रमाणे मोजणं मला आता पटायला लागलंय, कारण सूर्याचं प्रत्येक नक्षत्र साधारण साडेतेरा दिवसांचं, आणि शंभर वर्षांत त्याच्या तारखा एखाददुसऱ्या दिवसानेच सरकतात. पावसासाठी हा महिन्यापेक्षा नेमका रकाना आहे, आणि गावाला तोंडपाठ आहे. अण्णांच्या पेरण्या जवळजवळ सगळ्या उत्तरा आणि हस्तात. चित्रात फार थोड्या. माझ्या 2013 नंतरच्या तारखा त्याच कागदावर मांडल्या तर त्या दोन्हीकडे फाकल्यात, कधी उत्तरांच्या सुरुवातीला घाईने, कधी चित्रांच्या अखेरीला. सरासरी काढली असती तर हा फरक दिसलाच नसता. या फाकण्याची चाचणी कशी करायची ते पुतण्या बघतोय. तोवर मी याला कल म्हणणार नाही.

3 नोव्हेंबर, सोमवार
आज पेर झाली. स्वाती. अण्णांच्या 38 वर्षांच्या वहीत स्वातीत पेर एकदाही नाही.

पेरणीआधी मुलं सळई घेऊन आली. ज्या मुलीने "मग पाऊस घटला नाही ना" विचारलं होतं तिनेच खुपसली. सळई जात राहिली. वीस, चाळीस, साठ. मूठ मातीला टेकली तरी कुठे अडली नाही. अण्णा असते तर ओलीला ओल मिळाली असं लिहिलं असतं, आणि शेजारी पेरीची तारीख बघून पेन खाली ठेवला असता. पाणी पूर्ण भरलंय, थंडीचे दिवस निघून चाललेत.

मुलगी सळई तशीच रोवून उभी. "सर, आकडा काय लिहू?"

"सळई संपली असं लिही."

तिने तसंच लिहिलं, आणि खाली कंसात: पुढच्या वर्षी मोठी सळई आणणे.